तारांगणात हातमोज्यांचा एक डबा ठेवा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात अंतराळवीरांच्या बातम्या येतात त्या मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला अंतराळात गेले तेव्हापासून १५ जुलैला परत येईपर्यंत आमच्या घरात रोज सकाळी ती बातमी मोठ्यानं वाचली जायची. पण एक गोष्ट कायम खटकते म्हणून, आणि आपल्या तारांगणासाठी एक मागणी आहे म्हणून, आज लिहायला बसलोय. रॉकेट उडालं की पहिल्या पानावर फोटो, माणसं परत आली की हारतुरे, आणि त्याच्या आधी त्यांनी वर्षानुवर्षं सूट घालून, हत्यारं हातात घेऊन, पाण्यात उतरून, गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये बसून जी तयारी केलेली असते तिच्या वाट्याला येतात दोन शब्द, 'खडतर प्रशिक्षण'. आता खडतर म्हणजे नेमकं काय, कशावर, कुठल्या हत्यारानं, हे कुणीच लिहीत नाही आणि मला तर वाटतं सगळ्यात वाचण्यासारखं तेच आहे.

मी अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. आयटीआय करून आलेल्या अप्रेंटिस पोरांना हत्यार हातात कसं धरायचं, कुठं किती जोर लावायचा हे शिकवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे, त्यामुळं मी हे सगळं त्याच नजरेनं बघतो आणि त्या नजरेनं बघितलं की पहिलं लक्ष जातं ते हातमोज्यांवर.

स्पेस स्टेशनच्या बाहेर कामाला निघालेल्या माणसाच्या सूटमध्ये हवा भरलेली असते, म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, अमेरिकन सूटमध्ये साधारण ४.३ पीएसआय, आपल्या शॉपफ्लोअरच्या भाषेत ०.३ केजी, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.३ किलोचा दाब. रशियन सूटमध्ये ०.४ च्या आसपास. आकडा ऐकून कुणी म्हणेल एवढंसंच ना, आमच्या एअर लाईनला सहा केजी असतं. पण बाहेर काहीच नाही, पूर्ण व्हॅक्यूम, त्यामुळं तो मोजा टम्म फुगवलेल्या ट्यूबसारखा कडक होतो आणि मूठ वळायची म्हणजे प्रत्येक वेळी त्या हवेशी भांडायचं. सोडलं की बोटं आपोआप परत उघडतात. पाना धरून ठेवायचा म्हणजे नुसतं धरण्यातच हाताचा जीव जातो, फिरवायचं तर लांबच, आणि हे चालतं सहा-सात तास. मोज्याला थरावर थर असतात, आत हवा धरणारा रबरी थर, त्याच्यावर तो फुगू नये म्हणून कापडाचा थर, त्याच्यावर ऊन-थंडी आणि कापलं-चिरलं जाऊ नये म्हणून आणखी थर, बोटांच्या टोकाला हीटरसुद्धा. त्यामुळं नटाची कड बोटाला कळतच नाही. आमच्याकडं नट आट्यावर नीट बसला की क्रॉस थ्रेड झाला, म्हणजे तिरका चढला, हे डोळ्याच्या आधी बोटाला कळतं, आणि या माणसांना ते बोटच वापरता येत नाही. प्रॅक्टिस करून करून कित्येक अंतराळवीरांची नखं खालच्या मांसापासून सुटलेली आहेत, ही नोंद झालेली, अभ्यास झालेली गोष्ट आहे, आणि ती दुखापत बऱ्याचदा वर गेल्यावर नाही तर खाली ट्रेनिंगमध्येच होते.

हे ट्रेनिंग कशामुळं आलं तेही पोरांना सांगण्यासारखं आहे. १९६६ च्या जूनमध्ये नासाच्या जेमिनी ९ या यानातून अंतराळवीर युजीन सर्नन बाहेर पडले. यानाच्या मागच्या बाजूला जाऊन तिथं ठेवलेलं एक यंत्र पाठीवर चढवायचं एवढंच काम होतं. पण धरायला पुरेशा जागा नाहीत, पाय टेकवायला काही नाही, आणि तिथं वजनच नसल्यामुळं एक व्हॉल्व्ह फिरवायला गेलं की माणूसच उलटा फिरतो. आपण खाली पाना मारतो तेव्हा आपले पाय जमिनीला रेटा देत असतात, ते आपल्या ध्यानातही येत नाही, तिथं तो रेटाच गायब. सर्नन घामानं निथळले, छातीचे ठोके कुठल्या कुठं गेले, हेल्मेटची काच आतून धुक्यासारखी भरली आणि दिसायचं बंद झालं. दोन तासांवर बाहेर राहून काम अर्धवट टाकून आत यावं लागलं. माणूस कच्चा नव्हता हो, चांगला नेव्हीचा पायलट होता. तोवर सराव व्हायचा तो मुख्यतः विमानात, जे वर जाऊन खाली झेपावतं आणि वीस-पंचवीस सेकंद वजन नाहीसं होतं. वीस सेकंद काम, मग दम खायला वेळ, परत वीस सेकंद. अशा सरावात सलग दोन तास काम केल्यावर काय होतं ते कळणार कसं?

मग पाण्यातला सराव आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेमिनी १२ मधून बझ आल्ड्रिन गेले, त्यांनी आधी बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या स्विमिंग पूलमध्ये यानाचं मॉडेल बुडवून सगळं काम सूट घालून करून बघितलं होतं, कुठं हात धरायचा, कुठं पाय अडकवायचा, कधी थांबून दम घ्यायचा. शाळेचा पूल बरं का, काही मोठी प्रयोगशाळा नाही. यानालाही जास्तीच्या मुठी आणि पाय अडकवायच्या जागा बसवल्या. आल्ड्रिन तीन वेळांत मिळून साडेपाच तास काम करून आले, बोल्ट फिरवले, कनेक्टर लावले, न थकता. दोघंही पायलटच, सूटही जवळजवळ तसाच, फरक काय तो सरावाचा आणि पाय टेकवायच्या जागेचा. हे वाचलं तेव्हा मी माझ्या पोरांना लगेच सांगितलं, व्हाइसजवळ उभं राहताना आधी पायाची जागा बघा.

आता ह्यूस्टनला नासाचा जो तलाव आहे तो ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे, पाणी सव्वादोन कोटी लिटरच्या वर. आपल्या सावरकर तलावात जे पोहतात त्यांनी अंदाज करावा, बारा मीटर म्हणजे चार मजली बिल्डिंग पाण्यात उभी राहील. आत स्टेशनच्या भागांचे खऱ्या मापाचे नमुने ठेवलेले असतात. सूट घातलेल्या माणसाला पाणबुडे कुठं वजनं लावून, कुठं फोम लावून असा तोलतात की तो ना वर येतो ना खाली जातो, आणि मग वर तासाभराचं जे काम असतं त्यासाठी पाण्यात सहा-सात तास घालवतात. तरीसुद्धा पाणी म्हणजे अंतराळ नाही. पाणी अडवतं, वर काहीच अडवत नाही, आणि पाण्यात उलटं झालं की रक्त डोक्यात उतरतंच. म्हणून ट्रेनर लोक आधीच सांगून ठेवतात की इथं जे सोपं गेलं ते वर अवघड जाऊ शकतं आणि उलटही. सरावाचं हत्यार कुठं खोटं बोलतं हे शिकाऊ माणसाला सांगणं, हे मला सगळ्यात प्रामाणिक शिक्षण वाटतं.

आणि दोऱ्या. तिथं प्रत्येक हत्यार दोरीनं बांधलेलं असतं, माणूसही बांधलेला असतो आणि नियम असा की नवीन हुक अडकवल्याशिवाय जुना काढायचा नाही, कधीच नाही. आपल्याकडं उंचावर काम करणाऱ्याला डबल हुकचा सेफ्टी बेल्ट देतात तो याच नियमासाठी आणि किती जण एकच हुक लावून दुसरा कमरेला लोंबकळत ठेवतात ते एमआयडीसीत फिरणाऱ्या कुणालाही माहितीय. एका कारखान्यात क्रेनच्या गर्डरवरून रिंग पाना निसटून खाली आलेला मी डोळ्यानं बघितलाय, खाली माणूस नव्हता म्हणून निभावलं, पाना मात्र बांधलेला नव्हता. अंतराळात तर खाली पडणं हा प्रकारच नाही, सुटलं ते गेलं. नोव्हेंबर २००८ मध्ये हायडेमरी पायपर नावाच्या अंतराळवीर स्टेशनच्या सोलर पॅनलच्या जॉइंटला ग्रीस करत होत्या, बॅगेत ग्रीस गन फुटून सगळं बरबटलं, ते पुसता पुसता आख्खी टूल बॅग हातातून तरंगत निघून गेली. पुढचे कित्येक महिने ती बॅग पृथ्वीभोवती फिरत होती, लोकांना दुर्बिणीतून दिसायची, शेवटी वातावरणात येऊन जळाली. पण त्या बाईंनी आणि सोबत्यानं उरलेल्या एकाच बॅगेवर काम पुरं केलं. ते सरावाशिवाय जमत नाही, कारण एका बॅगेत दोघांचं भागवायचं म्हणजे कुठलं हत्यार कधी लागणार हे दोघांनाही पाठ असावं लागतं.

तसंच मे २००९ मध्ये अंतराळवीर माइक मॅसिमिनो पृथ्वीभोवती फिरणारी हबल दुर्बीण दुरुस्त करत होते. एका उपकरणाच्या झाकणाचे शंभराच्या वर बारीक स्क्रू काढायचे होते, ते तरंगून आत जाऊ नयेत म्हणून वरून खास प्लेट बसवायची होती, यासाठी वर्षानुवर्षं सराव झालेला, आणि घोडं अडलं कुठं तर त्याच्या आधीच्या साध्या हँडलच्या बोल्टवर, डोकं स्लिप झालं. फिटर माणसाला ती जागा कळेल, पोटात गोळा येतो. तेव्हा खाली जमिनीवरच्या टीमनं ताबडतोब तशाच नमुन्यावर दांडा ओढून किती जोर लागतो ते मोजलं, वर कळवलं आणि मॅसिमिनोंनी तो दांडा सरळ ताकदीनं उपटून काढला. म्हणजे वर माणूस काम करत असतानाही खाली कुणीतरी डुप्लिकेट घेऊन बसलेलं असतं! आमच्याकडं ब्रेकडाऊन आला की आधी स्टोअरमध्ये स्पेअर आहे का ते बघतात, तिथं तर आख्खा स्पेअर सेटअपच तयार असतो.

इटलीचे अंतराळवीर लुका परमितानो यांचं तर वाचून मला रात्री झोप नव्हती. १६ जुलै २०१३ ला ते बाहेर असताना सूटच्या कूलिंगचं पाणी हेल्मेटमध्ये यायला लागलं, लिटरभराच्या वर, आणि वजन नसल्यामुळं ते खाली न सांडता चेहऱ्याला चिकटून डोळ्यांवर, नाकावर आलं. दिसेना, रेडिओ नीट ऐकू येईना, त्यात सूर्य मावळला. ते घाबरून हातपाय झाडत बसले नाहीत, कमरेची सेफ्टी केबल ज्या दिशेला हलकी ओढ देत होती त्या ओढीच्या आधारानं चाचपडत दारापर्यंत आले. ती केबल कुठल्या बाजूला ओढते हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.

आता आपल्याकडचं. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला गेले हे सगळ्यांना पाठ आहे. पण हवाई दलातून निवृत्त झाल्यावर १९८७ पासून १९९२ पर्यंत ते विमानं बनवणाऱ्या आपल्या एचएएल कंपनीच्या नाशिक विभागाचे चीफ टेस्ट पायलट होते, हे आज नाशिकच्या शाळेत विचारलं तर किती हात वर होतील? ओझरला तयार झालेलं मिग कारखान्यातून बाहेर आलं की पहिल्यांदा उडवून बघायचं काम या माणसाचं. आणि रवीश मल्होत्रा यांनी शर्मांच्या बरोबरीनं मॉस्कोजवळ स्टार सिटीत सगळं ट्रेनिंग पूर्ण केलं आणि ते गेले नाहीत, राखीव राहिले. शुक्लांच्या वेळी प्रशांत नायर यांचंही तसंच. सगळा अभ्यास तोच, सगळी तयारी तीच, आणि शेवटी खाली उभं राहून दुसऱ्याचं रॉकेट जाताना बघायचं. अशा माणसांचे फोटो छापा ना साहेब. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

गगनयान, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यानातून माणूस पाठवायच्या मोहिमेसाठी निवडलेले चौघे, नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, फेब्रुवारी २०२० मध्ये रशियात गेले ते २०२१ च्या मार्चपर्यंत शिकले. त्यात बर्फाच्या जंगलात उतरावं लागलं तर जगायचं कसं हेही होतं आणि मध्येच कोरोनामुळं ट्रेनिंग थांबलं तेही होतं. त्यानंतर बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात पुढचं शिक्षण. हे चौघंही हवाई दलाचे टेस्ट पायलट, शुक्ला तर मिग-२१ आणि सुखोई दोन्ही उडवून आलेले. सुखोई-३० एमकेआय आपल्या ओझरला बनतात, मिग-२१ ही तिथंच बनायची. म्हणजे अंतराळवीराच्या तयारीतलं पहिलं हत्यार आपल्या जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातून गेलेलं आहे. एचएएलमधून रिटायर झालेले कितीतरी लोक आज ओझर, पिंपळगाव, सिडको, इंदिरानगरला राहतात, त्यांना बोलावून कुणी दोन शब्द विचारत नाही.

म्हणून माझी मागणी आहे आणि ती फार खर्चाची नाही. आपल्या शहरात यशवंतराव चव्हाण तारांगण आहे, तिथं पोरं शाळेच्या सहलीत येतात, मान वर करून ग्रह-तारे बघतात, छान आहे. पण हातानं करायला काहीतरी पाहिजे. तिथं हातमोज्यांचा एक डबा ठेवा. बंद पेटी, समोर जाड ॲक्रिलिकची काच, दोन भोकं आणि भोकांना आतल्या बाजूला हवाबंद बसवलेले मोजे. आत एक नट-बोल्ट, एक पाना, दोरीला बांधलेला. पेटीतली हवा छोट्या व्हॅक्यूम पंपानं ०.३ केजीनं कमी केली की मोज्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेत तेवढाच फरक पडतो जेवढा अंतराळात असतो, आणि मोजा कडक होतो, अगदी खरा. पोरानं हात घालून तो नट फक्त पाच आटे फिरवून दाखवायचा. चौथ्या आट्याला त्याला कळेल की खडतर म्हणजे काय.

मोजे सँड ब्लास्टिंगच्या कॅबिनेटला लागतात ते चालतील, सातपूर-अंबडला मिळतात, फक्त नुसतं रबर फुगत जातं म्हणून पेटीतल्या बाजूनं त्याच्यावर कॅनव्हासचा मोजा शिवून चढवायचा, खऱ्या सूटमध्येही कापडाचा थर त्याचसाठी असतो. काळजी दोन गोष्टींची. काच एक फूट बाय एक फूट धरली तरी ०.३ केजीनं तिच्यावर पावणेतीनशे किलोचा दाब येतो, म्हणून काच लहान आणि जाड पाहिजे, मागून पट्टी देऊन. आणि मोज्याचं भोक बारा सेंटीमीटर व्यासाचं असेल तर हात आत ओढणारा जोर चौतीस किलोच्या आसपास जातो, तो मोठ्या माणसाला झेपेल, पाचवी-सहावीच्या पोराला नाही. त्यांच्यासाठी ०.१ वरच थांबायचं, मोजा तेवढ्यानंही बऱ्यापैकी कडक होतो, आणि रिलीफ व्हॉल्व्ह कुणाला हात लावता येणार नाही असा सील करून ठेवायचा.

सरकारनं २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं ठरवलंय. तिथं कुणीतरी बाहेर जाऊन बोल्ट आवळणार आहे आणि ती माणसं आत्ता कुठल्या तरी शाळेत आठवी-नववीत बसलेली असतील. त्यातलं एखादं सिन्नरचं, दिंडोरीचं, सिडकोचं का नसावं? आमच्याकडं येणाऱ्या अप्रेंटिस पोरांमध्ये अशी पोरं मी बघतो ज्यांचे हात फार चांगले आहेत, मार्क कमी असतील, इंग्रजी अडत असेल, पण पाना हातात दिला की कळतं. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की अंतराळात सुद्धा शेवटी पानाच लागतो, आणि तिथं वापरतात ती बॅटरीची पिस्तूल ग्रिप गन म्हणजे आपल्या टॉर्क गनचीच बहीण, किती आटे आणि किती टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, हे आधी सेट करून मग ट्रिगर दाबायचा.

तुमच्याकडून एवढंच हवंय की दर आठवड्याला नाही तर निदान महिन्यातून एकदा रविवारच्या पुरवणीत अर्धं पान या तयारीला द्या, फोटोसकट, हत्यारांची नावं घालून. पॅराशूट, नौदलाचे पाणबुडे, सगळं त्यात येऊ दे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत गगनयानचा डबा, ज्यात पुढं माणसं बसणार तो, समुद्रात उलटा तरंगत होता, तो नौदलानं कसा बाहेर काढला, २४ ऑगस्ट २०२५ ला चिनूक हेलिकॉप्टरमधून तसाच डमी डबा तीनेक किलोमीटरवरून सोडून पॅराशूट कशी तपासली, हे आमच्या पोरांना कळलं पाहिजे.

पेटी बनवायला तारांगणाच्या लोकांनी होकार दिला तर वेल्डिंग, फिटिंग आणि प्रेशर टेस्टिंग मी आणि माझी पोरं रविवारी येऊन फुकट करून देऊ, पंप आणि गेज आमच्याकडं जुने पण चालू स्थितीतले आहेत, गेज कॅलिब्रेट करून आणू. ॲक्रिलिक आणि मोजे तेवढे विकत घ्यावे लागतील. माझा पत्ता तुमच्या कार्यालयात दिलेला आहे, तो त्यांना कळवावा ही विनंती.

आपला,
अंबडच्या टूलरूममधला एक वाचक,
सिडको, नाशिक